नेऊ नका, असे मी म्हणाले

आमच्या घरी वचन काढल्याशिवाय सकाळचा चहा कोणाला मिळत नसे. वचन म्हणजे बायबलमधली एखादी ओळ छापलेली बोटभर चिठ्ठी. अशा चिठ्ठ्यांची एक पत्र्याची डबी वडिलांनी रेल्वेच्या नोकरीसाठी नगरहून बडोद्याला येताना बरोबर आणली होती. डोळे मिटायचे, एक उचलायची, मोठ्याने वाचायची आणि त्या ओळीच्या भरवशावर दिवस काढायचा. वडील गेले, मी दवाखान्यात कॅज्युअल्टीची सिस्टर झाले, तरी नेम चुकला नाही. चिठ्ठी मी गणवेशाच्या खिशात ठेवत असे. बरोबरच्या गुजराती सिस्टर मला चिडवत, आजचे भविष्य काय म्हणते म्हणून विचारत. मला राग येई. भविष्य बघणे आमच्यात पाप, हे यांना कोण सांगणार? आता वाटते, त्यांनीच मला बरोबर ओळखले होते.

बडोद्याच्या कडेला गोरव्याला नवे कारखाने भराभर उघडत होते, ते दिवस. कुणाचे तुटलेले बोट, कुणाचा पंजा आमच्याकडे आल्याशिवाय आठवडा जात नसे. इतर जणी दोन-तीन वर्षांत निबर झाल्या. मी झाले नाही, आणि ते माझ्या श्रद्धेमुळे, असे मी मानत होते. खरे सांगायचे तर मला त्याचा भारी तोरा होता.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला गोरव्याहून एका फिटरला आणले. साखळी तुटून लोखंडी आकडा त्याच्या डोक्यावर पडला होता. शुद्ध नव्हती आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. आमच्या डॉक्टरबाई गुजराती, निवृत्तीला आलेल्या, बोलायला सडेतोड. त्यांनी त्याच्या बायकोला आणि जवळच्या सावली गावाहून धावत आलेल्या थोरल्या दिराला समोर उभे करून हिंदीत स्पष्ट सांगितले. कवटीच्या आत रक्त साचते आहे, मेंदूचा सर्जन इथे नाही, अहमदाबादला आहे. रस्ता दोन-अडीच तासांचा, वाटेतही काही होऊ शकते. न्यायचे असेल तर आत्ता न्या. एवढे सांगून त्या शेजारच्या खोलीत दुसऱ्या जखमीला टाके घालायला गेल्या.

दीर खटपट्या होता. अर्ध्या तासात त्याने ऑक्सिजनचे नळकांडे असलेली मारुती व्हॅन दाराशी आणून उभी केली. बायको खानदेशातली, लग्न होऊन बडोद्याला आली त्याला वर्षही झाले नव्हते. तिने माझे मराठी ऐकले आणि माझा हात धरला.

"ताई, तुम्ही आपल्यातल्या. नेऊ का ह्यांना? वाटेतच काही झालं तर?"

त्या सकाळच्या माझ्या चिठ्ठीत मरणार नाही, जगशील, अशा अर्थाची ओळ निघाली होती. त्या माणसाला आत घेतले तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला होता. इतकी नेमकी चिठ्ठी उगाच निघते का? मी तिला डॉक्टरबाईंकडे पाठवायला हवे होते. बाजूलाच तर होत्या.

"नेऊ नका," मी म्हणाले. "हे जगणार आहेत. मला ठाऊक आहे."

दिराने वाद घातला. ती हलेना. सिस्टर सांगताहेत, एवढेच ती म्हणत राहिली. शेवटी व्हॅन परत गेली. डॉक्टरबाई हात धुऊन आल्या आणि अजून गेले कसे नाहीत म्हणून विचारू लागल्या. मी म्हणाले, घरचे नको म्हणताहेत. तेही खरेच होते.

दिवसभर मी काम करता करता मनातल्या मनात प्रार्थना करत होते. साडेचारला त्याचा श्वास तुटक झाला आणि पाचच्या आत तो गेला. बायकोने डॉक्टरबाईंकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. पण चिठ्ठी त्याच्यासाठी नव्हतीच. ती माझ्या चहाबरोबरची होती, आणि मी ती दुसऱ्याच्या नवऱ्यावर चिकटवली. तो अहमदाबादला पोचला असता का, कोण जाणे. निदान निघाला तरी असता.

दिवसकार्य उरकून ती आणि दीर कागद न्यायला आली. व्हरांड्यात तिने मला गाठले. आवाजात राग नव्हता. तिला फक्त कळायला हवे होते.

"ताई, तुम्ही तसं का सांगितलं होतं?"

दर ईस्टरला भर चर्चमध्ये उभी राहून मी आपला विश्वास कबूल करणारी. मला त्या बाईला चिठ्ठीचे सांगता आले नाही. लाज वाटली.

"तुमच्याशी बोलून गेल्यावर डॉक्टरबाईंनीच मला तसं सांगितलं होतं," मी म्हणाले.

दिराने ते ऐकले आणि तो तडक डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरला. मग बाहेरच्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असे तो बोलला. त्या सांगत होत्या की आपण उलट सांगितले होते, आत्ता न्या म्हटले होते. कुणी मानेना. जाताना तो त्यांच्या दाराशी थुंकला. मी पाच पावलांवर कापसाच्या घड्या करत उभी होते. घड्या करून झाल्या तशा मी त्या उलगडून पुन्हा केल्या.

सगळे गेल्यावर डॉक्टरबाई माझ्याजवळच्या स्टुलावर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कामापलीकडे मला एक शब्द विचारला नव्हता.

"सिस्टर, में एवुं कह्युं हतुं?" त्या म्हणाल्या. "तमे तो त्यां ज हतां."

मी तिथेच होते, म्हणून आपण खरेच तसे बोललो का, याची खात्री त्या माझ्याकडून करून घेत होत्या. मी म्हणाले, मला नीट आठवत नाही. त्यांनी मान हलवली. वय झाले, म्हणाले असेन, असे पुटपुटल्या, आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाल्या. मी हो म्हणाले.

ती प्रार्थना मी आजपर्यंत केलेली नाही. करायला बसले की आधी खरे सांगावे लागते, आणि ते मला देवालाही सांगवत नाही.