चौसष्ट मेंढरांची चिप

लोणी भापकरच्या तात्याबांनी मेंढरं विकून बारा वर्षं झाली, पण कळपाची खूण काही त्यांच्या हातून सुटली नाही. मेंढराच्या डाव्या कानाला एक टोकदार खाच, उजव्या कानाला दोन. आता कान उरले नाहीत, म्हणून ती खूण ट्रॉलीच्या फळीवर, मोटारीच्या पेटीवर, इतकंच काय, जेवायच्या ताटाच्या काठावरही उमटली होती. शेजारच्या बापूसाहेबांच्या कळपाची खूण चौकोनी खाचांची. या दोन खुणांवरून दोघं तरुणपणी असे भांडले होते की सोडवणारे थकले, हे नाही थकले.

अशा घरातली नात रेश्मा बारामतीला इंजिनिअरिंग कॉलेजात चिपवर पीएचडी करत होती. नखाएवढ्या तुकड्यावर चौसष्ट छोटे प्रोसेसर बसवायचे आणि त्यांनी एकमेकांची वाट न अडवता निरोप कसे धाडायचे ते शोधायचं, हे तिचं काम. पाच वर्षं झाली तरी घरात ते कुणाला उमगलं नव्हतं. शेवटी ती आजोबांना म्हणाली, "आबा, चौसष्ट मेंढरं हाईत आन् वाटा थोड्या. रेटारेटी होऊ द्यायची न्हाय."

"मग खूण कुठाय?" आबांनी विचारलं.

झालं! "घालते की," रेश्मा बोलून गेली आणि संध्याकाळपर्यंत आबांनी ते पारावर सांगूनही टाकलं.

तशी चिप बनवणारी मंडळी हौसेनं कुठंतरी कोपऱ्यात एखादं चित्र कोरतात. दुसरी कुणी असती तर तिनंही एकच खूण घातली असती. पण एका मेंढराला खूण करायची आणि त्रेसष्ट तशीच सोडायची, हे मेंढपाळाच्या घरात कुणी ऐकलंय का? रेश्मानं चौसष्टांनाही खाचा पाडल्या.

चिप छापणारा कारखाना कॉलेजांची डिझाइनं वर्षातून एकदाच घेई. ती वेळ हुकली की वर्ष बुडालं आणि पीएचडी लोंबकळली. आदल्या दिवशी तपासणीचा अहवाल आला: चुका एकशे ब्याण्णव. गाईड मॅडमचा चेहरा उतरला.

"रेश्मा, हे काय आहे?"

"मॅडम, कान आहेत."

मॅडम आधी हसल्या, मग भडकल्या. त्या कारखान्याला फक्त उभ्या आणि आडव्या रेघा चालत. तिरकी रेघ दिसली की डिझाइन परत. रेश्मानं रातोरात नव्हे, तासाभरात सगळ्या खाचा सरळ रेघांच्या करून टाकल्या. अहवाल स्वच्छ आला. मग तिनं पडद्याकडे नीट पाहिलं. चौसष्टच्या चौसष्ट मेंढरं बापूसाहेबांची झाली होती!

दुसऱ्या दिवशी पाचची मुदत संपायला दहा मिनिटं असताना तिनं सगळ्या खुणा पुसल्या आणि डिझाइन धाडून दिलं. आबांना मात्र सांगितलं नाही. फोनवर चारदा तोंड उघडलं, चारदा पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला.

आठ महिन्यांनी चिप आली आणि पहिल्याच दिवशी चौसष्टही प्रोसेसर एकमेकांशी बोलू लागले. मॅडमनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या दारात जीप थांबली. आबा उतरले, मागून गावची चार माणसं, आणि सगळ्यांत शेवटी मिशीला पीळ देत बापूसाहेब.

आबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"दिसतीया का खूण, तात्याबा?" बापूसाहेबांनी विचारलं.

रेश्माला राहवेना. "आबा, खूण न्हाय त्यात," ती म्हणाली. "काढावी लागली मला. सरळ रेघांची केली तर बापूसाहेबांची व्हत व्हती, म्हणून समदीच पुसली. तुमाला सांगायची छाती झाली न्हाय."

"म्हंजी घटकाभर समदी माझी झाल्ती?" बापूसाहेब हरखले. चौघंही हसू दाबू लागले. रेश्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्यापुढं आबांनी बढाई मारली, त्यांच्यासमोरच तिनं त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

आबांनी डोळा उचलला नाही. "खूण परक्यासाठी असती, पोरी," ते म्हणाले. "चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलं तर कळावं म्हणून. ज्यानं पोसलं, त्यो तोंडावरनं वळखतो. तू वळखतीस न्हवं?"

"व्हय आबा. येकेक वळखते." आणि तिला रडूच फुटलं.

"मग झालं तर."

"पर तात्याबा, उद्या कुणी इच्यारलं तर..." बापूसाहेबांनी पुन्हा सुरू केलं.

"गप ऱ्हावा वाईच," आबा मायक्रोस्कोपवर आणखी वाकत म्हणाले. "मोजू द्या मला. आमच्या घरची हाईत."