पडद्याआडून आलेला हात

मारेगाव तालुक्यातल्या त्या गावात इंदुताई नऊ वर्षं आशा कार्यकर्ती होत्या. बाळंतपणं, लसी, जंताच्या गोळ्या, सगळं घरोघर फिरून केलेलं. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी गावातल्या आजारी वामनरावांना ॲम्ब्युलन्सने यवतमाळला धाडलं, ते परतले नाहीत, आणि एका रात्रीत गावाने इंदुताईंना यमदूत ठरवून टाकलं. कालपर्यंत चहाला थांबवणाऱ्या बाया त्यांना पाहून कड्या लावू लागल्या. गावाला खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतंच!

तरी बाई रोज निघायच्या. दार कुणी उघडेना, म्हणून त्यांनीच तोडगा काढला: मी आत येत नाही, पडद्याआडून नुसता हात काढा, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावते. लोकांना ते पटलं.

तानाबाईंच्या घरून चार दिवस सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असाच आकडा येत होता. खोकून खोकून बेजार झालेली सत्तरीची म्हातारी आणि आकडा तरण्याताठ्या माणसाचा! पाचव्या दिवशी इंदुताईंची नजर मनगटावर गेली. तानाबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले होते. या हातावर एक ठिपकाही नव्हता.

"दीपा, हा तुया हात हाय. सासू कुठी हाय?"

आत सून रडायलाच लागली. "आत्याबाईनंच शपथ घातली, ताई. मले नेतील म्हने."

इंदुताई पडदा सारून आत शिरल्या. तानाबाईंचे ओठ काळेनिळे पडले होते. यंत्रावर शहाऐंशी. इंदुताईंनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली आणि दीपाला कागदपत्रं शोधायला पाठवलं. ही म्हातारीही परतली नाही, तर या गावात आपल्याला पाय ठेवता येणार नाही, हे त्या जाणून होत्या.

बाहेर माणसं जमली. त्यात वामनरावांचा मुलगा अतुल सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, "नेऊ देऊ नका! माह्या बापाले हिनंच मारलं!"

तानाबाईंनी खाट घट्ट धरली. "वामन वापस आला काय?"

इंदुताई त्यांच्या कानाशी वाकल्या. "नाही आला. अतुलनं त्याले आठ दिवस वावरातल्या खोपडीत लपवलं. मले म्हने, बाबा पाहुण्यायकडे गेले. नवव्या दिवशी माह्या हाती दिला."

"मंग गावाले काहून नाही सांगितलं? सारे तुले शिव्या देऊन राह्यले."

"त्या पोराले याच गावात जगायचं हाय अजून, माय."

तानाबाईंनी खाट सोडली.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा इंदुताईंनी आणि दीपानं दोन्हीकडून धरून त्यांना बाहेर आणलं. अतुल वाटेत आडवा उभा होता. तानाबाई त्याच्याजवळ थांबल्या आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "सरक, बापू. मले पाचवाच दिवस हाय, नववा नाही."

अतुलचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं एकदा इंदुताईंकडे पाहिलं. मग मागे वळून त्यानंच ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं.