हाडोळ्यावरच्या घाट्या

हाडोळा म्हणजे गावाबाहेरचा मुरमाड माळ. पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरं तिथं नेऊन टाकत. ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांचं, म्हणून तो माळही आमच्याच लोकांच्या वाट्याचा. छप्पन्न साली माझ्या सासऱ्यांनी बुद्धाला वंदन केलं आणि ते काम सोडलं. माळ तेवढा नावावर राहिला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली आणि माझ्या नवऱ्याला, पुण्यातल्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडून, त्या माळावर जंगल उभं करायचं सुचलं.

बाग नाही, ऊस नाही, जंगल. अंजन, धावडा, खैर, पळस. कधीकाळी इथं होतं म्हणून त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. "गावानं जिथं मढी टाकली तिथं सावली करायची," ते म्हणाले. मी म्हणाले, "करा. पण दुसऱ्या पावसाळ्याच्या पोळ्यापर्यंत तुम्ही लावलेलं एक तरी झाड जगलेलं दाखवा. नाही दाखवलंत तर पोळ्याला मी ट्रंक उचलून कळंबच्या एसटीत बसणार, तिथून पुण्याला. मग तुम्ही याल तर या." मी पुण्याच्या चाळीत वाढलेली. तिथं नळाला रांग होती, पण नळ होता.

माळावर खोपी टाकली तेव्हा हाडं अजून होती. बरगड्या मुरमातून अर्ध्या वर आलेल्या, कवट्या पालथ्या. उन्हात सगळा माळ इतका पांढरा दिसायचा की डोळे बारीक करून चालावं लागे. कावळासुद्धा उतरत नव्हता. मी हाडं गोळा करून कडेला रचायला निघाले तर हे म्हणाले, "राहू दे, खत होईल." माणसाला वेड लागलं की त्याला सगळ्यातच खत दिसतं.

गावातलं कुणी आमच्याकडं फिरकत नव्हतं. मला वाटलं, जुनीच गोष्ट, आपली जात. पण आमच्या वस्तीतलीही माणसं खड्डे घ्यायला येईनात. पलीकडच्या गावची भटकी शेरडं तेवढी येत आणि जमिनीलगत जे काही हिरवं असेल ते खुडून जात. गावकरी बांधापर्यंत यायचे, नजर खाली टाकायचे आणि माघारी फिरायचे. बाया तर तोंडावर पदर ओढून पुढं जायच्या. एकदा वस्तीतल्या एका जावेला मी हात धरून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तिथं न्हाय बाई. तिथं दुपारचं वाजतंय."

मग मीही ऐकलं. हे सायकलला डबे बांधून खालच्या विहिरीवर गेलेले. ऊन टळटळीत, पान हलत नव्हतं. मुळात हलायला पानच नव्हतं. आणि माळाच्या पार टोकाकडून बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली. एकदा, मग थांबून दुसरी, जराशी बारीक आवाजाची. माळावर एक जितं जनावर नव्हतं. मी भित्री नाही, तापट आहे. खोपीच्या दारात उभी राहून ओरडले, "कोण आहे रे तिकडं?" घाटी थांबली. थांबली तेच वाईट झालं, कारण ऐकणारं कुणीतरी आहे हे त्यामुळं कळलं. त्या दिवशी भाकरी करपली आणि मी यांना काही सांगितलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात यांनी लावलेली रोपं ओळीनं जळाली. यांनी माळाभोवती काट्यांचं कुंपण घातलं, पुन्हा रोपं लावली. दुसरा पाऊस पडला आणि माळावर हिरवं दिसायला लागलं, पण यांच्या ओळीत नाही. जिथं बरगड्या होत्या तिथं. मी वाकून बघितलं तर बाभळी. शेरडांनी खुडलेले खुंट फुटून वर आलेले, पुंजक्यापुंजक्यानं. एकेक पुंजका, बैल आडवा पडावा एवढ्या लांबीचा. संध्याकाळी हे म्हणाले, "बघ, आलं जंगल." मी म्हणाले, "ते तुम्ही लावलेलं नाही. कुणी लावलंय ते आधी सांगा."

श्रावणात ऊन पडलं, तशी भरदुपारी घाटी पुन्हा वाजली. या वेळी मी ओरडले नाही, पायातल्या चपला काढून आवाजाच्या रोखानं निघाले. टोकाच्या ओघळीत एक म्हातारा उभा होता. धोतर, डोक्याला मुंडासं, दोन्ही हातांत एकेक घाटी. गावातल्या मळेवाल्या घरचा. त्याचे पुतणे ढोकीच्या कारखान्याला ऊस घालायचे. उजव्या हातातली घाटी वाजवायचा, कान द्यायचा. मग डावी.

"आबा, तुम्ही वाजवता होय हे?"

"व्हय," तो म्हणाला. दचकलासुद्धा नाही. "जागा हुडकतोय."

मी त्याला खोपीत आणून पाणी दिलं. क्षणभर त्यानं तांब्याकडं बघितलं, मग घटाघटा प्याला. आणि सांगितलं ते असं:

"त्या दुष्काळात कडबा सरला. छपराचं पाचट काढून घातलं, ते बी सरलं. छावणीपतुर चालायचं बळ न्हवतं. दावणीला बैल मेले तर वढायचं कुणी? तुमच्या मानसांनी ते काम सोडलं, बराबर केलं. पर आमच्या हातांनी कवा वढलेलं न्हाय. मंग समद्या गावानं एकच केलं. पायावर हायेत तवर चालवत आणले. जिते."

गावाच्या खाली घातलेल्या नजरा मला तेव्हा कळल्या.

"त्या दिशी समद्यांनी बांधावरच्या बाभळीच्या शेंगा झोडून पोटभर घातल्या. माझे दोन्ही म्या हितं ओघळीत आणून सोडले. घाट्या काढून घेतल्या, मागं आले तर ऐकू येऊ नये म्हनून. तर सूनबाई, आलेच की ते मागनं. मालक कुठं निघाला म्हनून आले. खुरांचा आवाज कसा काढून घ्यायचा? म्या पळालो. त्यांच्यानं पळवत न्हवतं."

"आणि आता?"

"आता घाटी वळखून कुठनं तरी हुंकारतेल, आसं वाटतंय. लई याड लागलंय मला."

शेंगा, हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला होता. जिथं बैल पडला, तिथंच त्याच्या पोटातल्या शेंगांचं बी रुजलं होतं. मी उठले, त्याला पुंजके दाखवत निघाले. ओघळीपाशी एकही नव्हता. माळभर होते, पण कुठंही एकेकटे. आणि अगदी या टोकाला, गावाच्या बांधाला लागून, दोन पुंजके शेजारी शेजारी होते, मध्ये जुवाएवढं अंतर. दोन्हींतल्या कवट्या गावाकडं तोंड केलेल्या. म्हातारा सोडलं तिथं शोधत होता. ते त्याच्या मागं पार इथपर्यंत चालत आले होते.

तो तिथंच बसला. मला रडू आवरलं नाही.

पोळा आला. यांनी लावलेलं एकही झाड जगलं नव्हतं. "बाभळीच्या आडोशाला अंजन धरेल," हे म्हणत राहिले. मी ट्रंक बांधून दारात ठेवली. खाली गावात हलग्या वाजत होत्या. तेवढ्यात म्हातारा आला. त्यानं दोन्ही पुंजक्यांतल्या मोठ्या बाभळीला हळद-कुंकू लावलं, पुरणपोळी ठेवली, फांदीला एकेक घाटी बांधली. गावातली माणसं बांधापलीकडं गोळा झाली होती आणि पहिल्यांदाच मान वर करून माळाकडं बघत होती.

म्हातारा उठला, गावाकडं वळला. "चला रं," एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

वारा नव्हता. माझ्या पदराचं टोकसुद्धा हलत नव्हतं. घाट्या वाजल्या, आधी जाड आवाजाची, मग बारीक. म्हातारा थबकला. त्यानं मागं बघितलं नाही. मग पुन्हा चालायला लागला, पण पाय अगदी हळू टाकत. थकलेल्या जनावरांना गाठता यावं म्हणून पुढचा माणूस चालतो, तसा.

मी ट्रंकेवर बसले होते. खालच्या फाट्यावरून कळंबची एसटी गेली, तिचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला. मी उठले नाही.