मास्टरबाई आणि बाबांचा डावा कान

वडिलांचा डावा कान माझ्यामुळे गेला. हे वाक्य मी बरीच वर्षं मनात ठेवलं, आता लिहून टाकतो. उजवा कान माझ्या मदतीशिवायच गेला होता.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापडाच्या मागावर. साचाखात्यात शेकडो माग एकदम धडधडत, त्यात उजवा कान गेला. मग संप झाला, गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, आणि ते एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे बांधू लागले. संपाला दहा-बारा वर्षं झाल्यावर डावा कान वाहायला लागला. परळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला भोक आहे, आत सडायला लागलंय, उशीर नको. ऑपरेशनची तारीखही दिली.

नेमका त्याच महिन्यात मी दादरला रेकी शिकलो.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, शनिवार-रविवार असा होता. आम्ही वीसेक माणसं डोळे मिटून बसलो होतो. मास्टरबाई एकेकाच्या टाळूवर हात ठेवून विश्वाची ऊर्जा आत सोडत होत्या. माझा नंबर आला आणि खालच्या हॉलमधून मोठ्याने ऐकू आलं, "सावधान!" मी तो शुभशकुन समजलो.

"आता हे हात तुमचे नाहीत," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त नळी. देणारा वेगळा आहे."

घरी येऊन मी बाबांसमोर बसलो. "मला एकवीस दिवस द्या."

"आणि डॉक्टरची तारीख?" आईने विचारलं.

"तारीख पुन्हा मिळेल. कापलेला कान पुन्हा मिळेल का?" हे वाक्यसुद्धा माझं नव्हतं, बाईंचं होतं. पण बोललो मी.

रोज सकाळी सहाला बाबा गॅलरीत स्टुलावर बसत आणि मी मागे उभा राहून त्यांच्या दोन्ही कानांवर हात धरत असे. पहिल्याच दिवशी शेजारची मावशी बादली घेऊन जाताना थांबली.

"काय रे, बापाचे कान धरलेस? आमच्या वेळी उलटं असायचं!"

चौथ्या दिवशी तीच मावशी बंद पडलेला मिक्सर घेऊन आली. मी मिक्सरला दहा मिनिटं रेकी दिली. तो चालू झाला नाही, पण तिच्या मते आधीपेक्षा शांत वाटत होता. मग तिने मला मजल्यावरच्या सार्वजनिक नळाकडे नेलं. पाठीमागे बारा बादल्या रांगेत, आणि मी दोन्ही हातांनी कोरडा नळ धरून डोळे मिटलेले. साडेसहाला पाणी आलं. पाणी रोज साडेसहालाच यायचं. तरी त्या दिवशी ते माझ्या हातून आलं असं मला वाटलं. खरंच वाटलं.

आठव्या दिवशी मी बाबांच्या पुढ्यात येऊन विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरा वाटता. फरक आसा."

"ऐकू येतंय?"

"येता तर! तू विचारलंस म्हणान सांगतंय ना?"

बाराव्या दिवशी ऑपरेशनची तारीख होती. आदल्या संध्याकाळी मी सांगितलं, उद्या जायची गरज नाही. बाबांनी मान हलवली. सकाळी त्यांच्या कानांवर हात ठेवून मी ऑफिसला गेलो.

एकविसाव्या दिवशी मास्टरबाई स्वतः आमच्या खोलीत आल्या. दारात अर्धी चाळ. बाईंनी समोर बसून बाबांना चार प्रश्न विचारले, बाबांनी चारही उत्तरं चोख दिली. मावशीने टाळ्या वाजवल्या. मग बाई उठून त्यांच्या मागे गेल्या, कानांपाशी हात नेले आणि म्हणाल्या, "आजोबा, गाव कुठलं तुमचं?"

बाबा गप्प.

"आजोबा, गाव?"

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत होते. तेवढ्यात समोर स्टोव्हजवळ बसलेल्या आईने, बाईंच्या कामात व्यत्यय नको म्हणून, आवाज न काढता नुसते ओठ हलवून त्यांना विचारलं, चहा घेणार?

"अर्धो कप," बाबा खणखणीत म्हणाले.

मास्टरबाईंनी माझा खांदा धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघितलंत? यांना आता न बोललेलंही ऐकू येतं!"

मी मात्र जागच्या जागी गार झालो. साचाखात्यात कुणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत. बाबांनी तीस वर्षं तेच केलं होतं. मी साचेवाल्याचा मुलगा, मला हे ठाऊक होतं. आणि तरी रोज त्यांच्या तोंडासमोर येऊन मी विचारत होतो, ऐकू येतंय का.

बाई गेल्यावर मी ओरडलो, "खोटं का सांगितलंत?"

"मास्टर इललो ना घराक!" बाबा म्हणाले. गिरणीत खात्याच्या साहेबाला मास्टर म्हणत. "मास्टर फेरीक इलो की सगळा बरा चाललाहा, असाच सांगूचा असता. नायतर तुझ्यावर इला असता."

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी केसपेपरवरची उलटून गेलेली तारीख बघितली.

"कुठे होतात?"

"घरी उपचार चालू होते."

"कसले?"

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटेपालटे करून नीट तपासले आणि म्हणाले, "कातडीच्या विकारांचा विभाग खाली आहे."

सड हाडापर्यंत गेली होती. ऑपरेशन मोठं झालं. बाबा वाचले, ऐकणं गेलं.

त्यानंतर मी दोनदा त्यांची माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांच्या पाठीमागे उभा राहून, म्हणजे मागितली असं मला म्हणता यावं, आणि त्यांना कळू नये. एवढा मी प्रामाणिक. शेवटी एका रविवारी हिंमत करून त्यांच्या समोर बसलो. आई भांडी घासत होती. चाळीला कळू नये म्हणून मी आवाज न काढता, फक्त ओठांनी सगळं सांगितलं. तारीख मी चुकवली, कान माझ्यामुळे गेला, मला माफ करा.

बाबांनी शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात, मजल्याच्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले, "माफी कसली मागतंस? ती तारीख तू खंय चुकवलंस? माकाच सुरीची भीती वाटलेली! तुझे हात म्हणजे बरो बहाणो गावलो!"

गॅलरीतून मावशी हसली. मीही हसलो. खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

आईने त्यांच्या पाठीमागून, हातातलं पातेलं घासणं न थांबवता, साध्या आवाजात सांगितलं, "खोटा सांगतत. त्या दिवशी तू हापिसात गेलंस, आणि हे इस्त्रीचो शर्ट घालून, हॉस्पिटलचो कागद हातात घेऊन धा वाजेपर्यंत बसान होते. तू परत येऊन घेऊन जाशीत म्हणान."

बाबा माझ्याकडे बघून अजून हसत होते.