पायाळूला वीज शोधते, म्हणे

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. त्यात माझं कर्तृत्व शून्य, पण त्या पायांना मान मात्र आयुष्यभर मिळाला. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावी, असा आपल्याकडे समज आहे. धुळ्याहून लग्न करून सुरतेत आले तेव्हा वाटलं, ही ब्याद सुटली. कसली सुटते! भेस्तानच्या आमच्या सोसायटीत एका खान्देशी बाईला कळलं आणि तिच्याकडून ते सगळ्या मजल्यांवर पोचलं. मग सकाळी दारात कुणीतरी कंबर धरून उभं असायचंच. मी पोळ्या टाकून उठायचे, पाठीला पाय लावायचे, आणि हात-पाय धुऊन पुन्हा पोळपाटाशी.

लाथ मारायला माझी हरकत नव्हती. काही जणांना मारताना तर बरंच वाटायचं. त्रास होता तो दुसऱ्या समजाचा. पायाळूवर वीज पडते म्हणतात. लहानपणी ढग गडगडले की आई मला ओढून मधल्या खोलीत बसवायची. "घरमा बस. ईज पायाळूलेच देखस," म्हणायची. भावंडं बाहेर कडुनिंबाखाली हुंदडायची आणि मी धान्याच्या कोठीला टेकून कानात बोटं घालून बसायचे. पुढे शिकले, बँकेत लागले, पण आभाळ वाजलं की बोटं कानांकडे जायची ती जायचीच.

माझ्या लेकीचेही पाय खाली होते. डॉक्टरांनी सिझेरियन केलं. पोट उघडून काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही, यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी आईने निकाल दिला, धरायचं. झालं. एकटीपुरती होती ती भीती आता दोघींची झाली.

सुरतेत वाढलेली पोर, गरब्याचं वेड असणारच. आणि नवरात्रात परतीचा पाऊस गडगडल्याशिवाय जात नाही. गेल्या वर्षी नुसतं आभाळ वाजलं तर मी तिला भर गरब्यातून दंड धरून घरी आणलं. मैत्रिणी बघत राहिल्या. कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. यंदा तालमी सुरू झाल्या तसं तिने शांतपणे सांगितलं, "आई, या वेळी मला न्यायला आलीस ना, तर मी परत तुझ्याबरोबर कुठेच येणार नाही." ती रागात असती तर मी घाबरले नसते.

हे मी बँकेतल्या एका गुजराती सहकाऱ्यांना सांगितलं. हे गृहस्थ महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, नाश्त्याच्या एका दुकानाच्या माडीवर विज्ञानाच्या गप्पा भरवतात. कुणी जाणकार बोलतो, बाकीचे चणाडाळीचा गरम लोचो खात शंका काढतात. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हा तिथला धर्म. त्या धर्माच्या संस्थापकांनी उसण भरल्यावर माझी लाथ खाल्ली आहे, हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. "आ वखते वीजळी पर ज छे, बेन. आवो," ते म्हणाले. विषयच विजेचा म्हटल्यावर गेले.

बोलणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. शंकांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला आणि मोडक्यातोडक्या गुजराती-हिंदीत सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या आणि मधोमध सॉसची बाटली उभी केली. मोकळ्या मैदानात उभा राहिलेला माणूस असा, म्हणाल्या. वीज जमिनीजवळ येते तेव्हा तिला उंच आणि एकटं काही सापडलं, तर ती बहुधा तिकडे वळते. मग त्यांनी बाटली उचलून बूड वर, तोंड खाली अशी उलटी ठेवली. "अब बताइए, ऊँचाई में क्या फ़र्क़ पड़ा?"

काहीच पडला नव्हता. ती उलटी बाटली म्हणजे मी, पायाळू.

मग त्यांनी विचारलं, लहानपणी वीज चमकताना तुम्ही कुठे बसायचात? मी मधली खोली सांगितली. आणि बाकीचे? कडुनिंबाखाली, म्हटलं. बाई म्हणाल्या, "तो बेन, पूरे घर में सही जगह पर अकेली आप ही बैठी थीं."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं. वीज मला शोधत नव्हती. माझ्या लेकीला तर नाहीच नाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं आणि तो थांबल्यावरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हे बाईंनी निघताना बजावलं. सगळ्यांनी, असंही म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या तालमीला, आभाळ वाजलं. मी जिना उतरून सोसायटीच्या मैदानाच्या कडेला आले. लेकीने मला पाहिलं आणि तिचे पाय थांबले. चेहरा पडला. मान खाली घालून ती माझ्याकडे यायला निघाली.

"चालो, बधा अंदर!" मी ओरडले. "सगळ्या! हॉलमध्ये!"

तिने चमकून मान वर केली. मग वळली आणि लहान मुलींना हाताला धरधरून हॉलकडे पिटाळू लागली. आत टाळ्यांवर गरबा पुन्हा सुरू झाला. मी सवयीने हॉलच्या आतल्या कोपऱ्यात भिंतीला टेकले होते. बाहेर मोठा कडकडाट झाला. लेक वर्तुळातून बाहेर आली. या वेळी दंड तिने माझा धरला आणि मला आत ओढलं.

जन्मताना पुढे आलेले माझे पाय गरब्यात मात्र सारखे मागे पडत होते. बाहेर आभाळ वाजतच होतं. कानात बोटं घालायला हात मोकळे नव्हते, मी टाळ्या वाजवत होते.