कंपनीचा माणूस

“आजी, आधी तुमी जावा. मी काय आजारी न्हाई,” म्हणत औषध कंपनीचा तो माणूस पुन्हा मागं सरकला. बीडच्या आमच्या दवाखान्यात तो नेहमी दिसतो. दुष्काळात नळ कोरडा, म्हणून घरून पाण्याचा जार आणतो आणि म्हाताऱ्यांना स्वतः पाणी देतो. मला तो आवडायचा. मग एकदा त्याला फोनवर बोलताना ऐकलं: “डॉक्टरसाहेबांचं थायलंडचं तिकीट काढलं. आता आपलीच गोळी लिहितेत.”

पुढच्याच खेपेला डॉक्टरांनी आईची रक्तदाबाची गोळी बदलली. तेव्हापासून तिला चक्कर येते. आज त्यानंच तिला धरून बसवलं. “कोणती गोळी चालू हाय, मावशी?” आईनं पाकीट दाखवलं. त्याच्याच कंपनीचं. तो तिच्यासाठी पाणी ओतत राहिला.

मी म्हणाले, “दादा, डॉक्टरांना तिकीट कोण काढून देतं, ते आईला सांगा.”