दुष्काळात गच्ची तपासताना

बांधकाम पर्यवेक्षकाच्या परवान्यासाठी दोन गोष्टी लागत: स्थापत्यातला डिप्लोमा आणि परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली काम केल्याचा दाखला. डिप्लोमा माझ्याकडे होता. दाखल्यावर सही करण्याआधी आमचे सर उमेदवाराला एक नवं घर एकट्यानं तपासायला लावत. घर राहण्याजोगं आहे की नाही हे उमेदवारानं सांगायचं, मग ते येऊन पडताळत. उत्तर चुकलं तर सही आणखी वर्षभर लांबणीवर.

मला मिळालेलं घर वाळूजकडच्या एका नव्या वसाहतीत होतं. मालक कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांची बायको अजिंठ्याकडच्या मेंढपाळ घरातली. मी त्यांना मावशी म्हणायची. बांधकाम चालू असेपर्यंत कुटुंब प्लॉटवरच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं; शेडपाशी त्यांची एक मेंढीही बांधलेली असे. भिंती, दारं, वायरिंग यांत दोष सापडला नाही. राहिली गच्ची. काम सुरू झाल्यापासून नीट पाऊसच झाला नव्हता. गळती पाहायची तर पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी उभं करायचं. वसाहतीत पिण्याचं पाणीही टँकरनं येत होतं.

“गच्चीला पाजायचं व्हय पानी?” मावशी म्हणाल्या. “तिला काय तहान लागली का?”

शेजारच्या गच्च्यांवरून बायका बघत होत्या. तेच पाणी नंतर उतरवून वापरता येईल, असं सांगितल्यावर टँकरची नळी वर चढली.

पाणी उन्हानंही आटतं. त्यासाठी सरांची एक रीत होती. गच्चीवर पाण्यानं भरलेलं एक घमेलंही ठेवायचं. दोन्हीकडची घट सारखी असेल तर ते ऊन; गच्चीची जास्त असेल तर गळती. दोन्हीकडे खुणा करून मी घरी गेले. सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते.

सकाळी गच्चीतलं पाणी खुणेच्या खाली गेलेलं होतं. घमेलं पालथं होतं.

“मावशी, यातलं पाणी?”

“मेंढीला पाजलं. उघड्यावर ठिवलेलं दिसलं, म्हनलं वाया जाईल.”

“ते मोजायचं होतं हो.”

“पानी मोजायला बी पानी लागतं? लईच शिकलीस बाई तू.”

पाणी उन्हानं नेलं की स्लॅबनं, हे आता कळायला मार्ग नव्हता. घमेलं पुन्हा भरलं, नव्या खुणा केल्या आणि कठड्याच्या सावलीत बसून राहिले. दर थोड्या वेळानं उठून बघत होते. एकदा फरक दिसायचा, एकदा दिसायचा नाही.

मावशी चहा घेऊन वर आल्या. “राखन करायलीस? मेंढी काय जिना चढत नाय.” मग शेजारी टेकल्या. “पत्र्याखाली लई भाजतं गं. आज हो म्हन, उद्या सामान टाकते आत.”

मी चहा प्यायले. हो म्हणायचं मलाही होतं.

उन्हं कलली तेव्हा फरक स्पष्ट झाला. गच्चीतलं पाणी जास्त उतरलं होतं. लोखंडी घमेलं तापतं; त्यातलंच जास्त आटायला हवं होतं. खाली जाऊन खोल्यांची छतं पाहिली. सगळी कोरडी.

सर आले. “यांनी राहायला जायचं का?”

“नको. गळतंय.”

“कुठून?”

“सांगता येत नाही.”

त्यांनी छताकडे पाहिलं. “कोरडं आहे.”

“दुसऱ्या कुणाला बघाय लावा की, साहेब,” मावशी म्हणाल्या. “ही नवीन हाय.”

सरांनी शेडमधून खुर्ची आणवली. खुर्चीवर चढून ते हातानं छत चाचपत गेले. स्वयंपाकघरात पंखा अजून लागला नव्हता. त्याच्यासाठी स्लॅबमध्ये बसवलेल्या लोखंडी डब्यात त्यांनी बोट घातलं. बाहेर काढलेलं बोट ओलं होतं. त्यांनी ते मला दाखवलं, मग मावशींना.

दाखल्यावर त्यांनी ओट्यावरच सही केली. मावशी छताकडे बघत उभ्या होत्या.

“दुरुस्ती केली की पुन्हा असंच पानी उभं करावं लागंल?”

प्रश्न त्यांनी सरांना विचारला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

“लागेल,” मी म्हणाले.